भिंतीवर उमटलेले दिवस

जपानच्या निईगाता प्रांतात तोकामाची नावाचे गाव आहे. रेशमी किमोनोच्या कापडासाठी आणि हिवाळ्यातल्या माणसाच्या डोक्यावर जाणाऱ्या बर्फासाठी ते ओळखले जाते. गावाबाहेर, टेकडीवरच्या झाडीत ओइके नावाची जागा आहे. मुले उरली नाहीत म्हणून तिथली प्राथमिक शाळा बंद पडली, आणि १९८२ साली त्याच इमारतीत ‘मिथिला म्युझियम’ सुरू झाले. मधुबनीची, वारल्यांची आणि गोंडांची चित्रे तिथे टांगलेली आहेत. त्यांतली बरीचशी भारतात काढून तिकडे नेलेली नाहीत. चित्रकारांना बोलावून, तिथेच ठेवून घेऊन ती करून घेतलेली आहेत. या लेखाचा सगळा विषय ‘तिथेच’ या एका शब्दात आहे.

टोकियोहून शिंकान्सेनने एचिगो-युझावा, तिथून होकुहोकु मार्गाची लहान गाडी, आणि पुढे टेकडी चढून जायचे. वाटेत भाताची खाचरे लागतात. डहाणू-जव्हारकडे फिरलेल्या माणसाला ती अनोळखी वाटत नाहीत. उतारावर पायऱ्या पाडलेल्या, बांध हातभर, पाणी एका खाचरातून दुसऱ्यात सोडलेले. भात लावणाऱ्या वाकलेल्या माणसांचे चित्र भात लावणाऱ्या मुलखातच टांगलेले असावे, ही गोष्ट मुंबईच्या कुठल्याही गॅलरीला साधलेली नाही. हे आधीच कबूल केलेले बरे, कारण पुढे मी जे म्हणणार आहे ते एवढे गोड नाही.

संग्रहालयाचे संस्थापक हासेगावा तोकिओ मूळचे संगीतातले. ‘ताज महाल ट्रॅव्हलर्स’ या १९७० च्या आसपासच्या जपानी प्रयोगशील वादकसमूहात ते होते. ही मंडळी युरोपातून एका गाडीत बसून खरोखरच ताजमहालापर्यंत आली होती. शहर सोडून डोंगरात राहायला गेलेला, तासन्‌तास एकच सूर लांबवणाऱ्या संगीतात रमलेला हा माणूस मिथिलेच्या चित्रांवर लुब्ध झाला, यात मला काही विचित्र वाटत नाही. एकच लहान खूण पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा काढत जाणारी ती चित्रे आणि ते संगीत यांचे नाते बरेच जवळचे आहे. विद्वानांनी त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. असो.

मराठी वाचकाला या संग्रहाशी जोडणारा एक धागा आहे आणि तो भास्कर कुलकर्णी या माणसातून जातो. १९६६-६७ च्या बिहारमधल्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून कुलकर्णी मधुबनीत गेले. घरातल्या भिंतीवर कोहबर लिहिणाऱ्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिला. उद्देश सरळ होता. शेत पिकले नाही, तर चित्र विकून घरात धान्य यावे. पुढे १९७० च्या दशकात तेच कुलकर्णी ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर फिरले. तिथे त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत मशे यांचे प्रदर्शन झाले, १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. म्हणजे मिथिलेची भिंत आणि वारल्यांची भिंत या दोहोंना कागदावर उतरवण्यात एकाच मराठी माणसाचा हात होता. त्या दोन्ही वाटा पुढे निईगाताच्या डोंगरातल्या एका बंद शाळेत येऊन मिळाल्या. कुलकर्ण्यांवर मराठीत आजही धड एक पुस्तक असायला हवे, असे मला नेहमी वाटते.

आता भिंतीकडे येऊ. वारल्यांच्या लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर चौक लिहितात. कुडाच्या भिंतीवर शेण-गेरूचा हात फिरवलेला, त्यावर तांदळाच्या पिठाचे पाणी, आणि बांबूची काडी चावून केलेला कुंचला. हे काम सवाशिणींचे. चौकात पालघट देवी, आणि लग्न लावणारी धवलेरी तिची गाणी म्हणते. मिथिलेत कोहबर, म्हणजे नवरा-नवरीच्या खोलीतली भिंत. कमळाचे वन, बांबू, मासे, पोपट. दोन्हीकडे चित्राला मुदत असते. ते अमुक दिवशी पुरे व्हायलाच हवे, कारण लग्न थांबत नाही. पुरे झाल्यावर त्याचे काम संपते. पुढे चुलीचा धूर बसेल, पावसाळ्यात पापुद्रे सुटतील, पुढच्या लग्नात त्यावर पुन्हा सारवले जाईल. लिहिणाऱ्या बाईचे किती दिवस त्यात गेले हे सगळ्यांना ठाऊक असते, कारण सगळी त्याच घरात असतात. तिला जेवायला कोणी वाढले, तिचे मूल कोणी सांभाळले, हेही ठाऊक असते.

कागदाने ही मुदत काढून टाकली. कागद आला तोही एका मापाचा. दोन हात पसरले की मावेल एवढा, गुंडाळून टपालाने पाठवता येईल असा. एका कागदाची एक किंमत, म्हणून एका कागदाला घालायचे दिवसही ठरून गेले. बाजारातली मधुबनी आज ज्या घाईने भरलेली दिसते तिचे मूळ इथे आहे. चित्रकाराचा हात बिघडला म्हणून ते झालेले नाही. घाऊक भावाने विकत घेतलेल्या दिवसांचा तो हिशेब आहे.

तोकामाचीच्या शाळेने नेमके हे बंधन काढले. चित्रकाराला खोली दिली, जेवण दिले, मोठा पृष्ठभाग दिला आणि वेळ दिला. घाई नाही, गिऱ्हाईक दारात नाही. त्यातून काय निपजले हे पाहण्यासारखे आहे, आणि इथे थोडे थांबून बघावे लागेल.

वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, एक गोल, चार रेषा. हे चित्र मोठे करायचे म्हटले तर काय करायचे? फलक चौपट झाला म्हणून माणूस चौपट काढला, तर तो हॉटेलच्या भिंतीवरचा नमुना होतो. असे फसलेले वारली आपण विमानतळांवर आणि सरकारी विश्रामगृहांत पुष्कळ पाहतो. मशे यांनी हे केले नाही. फलक वाढला तरी त्यांचा माणूस बोटाच्या पेराएवढाच राहिला. वाढली ती माणसांची संख्या. कागदावर खळ्यात दहा जण असतील तर इथे सबंध पाडा येतो, पाड्याच्या मागचे रान येते, रानातल्या मुंग्या येतात. त्यांच्या जाळ्यांच्या चित्रांत हे अधिक स्पष्ट दिसते. मासेमारीचे जाळे सबंध चित्रभर पसरलेले, घरामागून घर विणत नेलेले, मधे कुठेतरी होडी आणि माणसे. अशा एका चित्राच्या छापील प्रतीवर मी एकदा टाचणीचे टोक ठेवून जाळ्याची घरे मोजू लागलो. कलामहाविद्यालयात न शिकलेल्या माणसाला मोजणे हाच एक अभ्यास जमतो. तळहाताएवढ्या जागेतच डोळे दमले आणि मोजणे सोडले. पण एक गोष्ट लक्षात आली. कुठेही घाईने ओढलेली घरे नाहीत. जाळे वळते तिथे घरे निमुळती होतात, ताणते तिथे लांबतात. शेवटचा कोपरा पहिल्या कोपऱ्याइतकाच निगुतीने भरलेला. हात कंटाळला असता तर ते दिसले असते.

गंगादेवींचेही असेच. त्या कायस्थ घराण्यातल्या. रंग भरण्यापेक्षा बारीक रेघांनी अंग भरण्याची त्यांची रीत. लुगड्याची निरी, माशाचे खवले, कमळाची पाकळी, प्रत्येकाची रेघ वेगळ्या कलाची. कागद मोठा झाला तरी त्यांची रेघ जाड झाली नाही. आणि जनगढसिंह श्याम यांच्या हरणाच्या अंगावरचे ठिपके, फणीने ओढावे तसे दात, तेही जनावर कितीही मोठे झाले तरी आपले माप सोडत नाहीत.

तिन्ही परंपरा वेगळ्या, तिघांचे स्वभाव वेगळे, पण एक नियम समान. या चित्रांत मूळ खूण वाढत नाही, फक्त खुणांची संख्या वाढते. म्हणून त्यांच्यातले मोठे चित्र म्हणजे दुसरे काही नसून अधिक दिवस. तैलरंगातला मोठा कॅनव्हास रुंद कुंचल्याने दोन दिवसांतही होऊ शकतो. इथे ती सोय नाही. चित्राची लांबी-रुंदी हा चित्रकाराच्या मुक्कामाच्या लांबीचा नकाशा असतो. डोंगरातल्या कलाकेंद्राने चित्रकाराला जी भेट दिली ती वेळेची, आणि त्याच्याकडून जे घेतले तेही त्याच नाण्यात.

सगळीच मोठी चित्रे या कसाला उतरतात असे नाही. पारंपरिक चित्रकारांनी मोठ्या फलकावर केलेल्या चित्रांतली काही केवळ भरलेली वाटतात. मधला विषय छोट्या कागदावरचाच, आणि भोवती वेलपत्तीचा काठ वाढवत नेलेला, लुगड्याला जोड लावावा तसा. तिथे वेळ होता, पण वेळेचे काय करायचे हे चित्राला सुचलेले नाही. मोठा फलक दिला की मोठे चित्र होते, या समजाला अशी चित्रे चांगले उत्तर आहेत.

याच डोंगरांत २००० सालापासून दर तीन वर्षांनी ‘एचिगो-त्सुमारी’ नावाचा कलामहोत्सव भरतो. कितागावा फ्राम हे त्याचे सूत्रधार. सुमारे ७६० चौरस किलोमीटरचा, तरुण माणसे शहरात निघून गेलेला हा टापू आहे. खाचरांत, ओस घरांत, बंद शाळांत जगभरचे कलावंत येऊन काम करतात. पहिल्याच वर्षी इल्या आणि एमिलिया कबाकोव्ह यांनी मात्सुदाईत एक काम केले. उतारावरच्या खाचरांत नांगरणारी, पेरणारी, कापणी करणारी माणसे रंगीत पत्र्यांसारखी सपाट कापून उभी केली, आणि समोरच्या सज्जातून पाहिले की भातशेतीविषयीच्या ओळी त्या माणसांच्या वर हवेत लिहिल्यासारख्या दिसतात. काम सुंदर आहे. पण त्यात खरी मेहनत कुणाची? आकृत्या वर्षानुवर्षे तशाच उभ्या राहतात. खाचरात मात्र दर वर्षी चिखल करावा लागतो, लावणी करावी लागते, नाहीतर चित्राची पार्श्वभूमीच नाहीशी होईल. कबाकोव्हांच्या कामाचा प्रामाणिकपणा असा की ते हे लपवत नाही. शेतकऱ्याची मेहनत हाच त्याचा विषय आहे.

दुसरे काम ख्रिस्तियन बोल्टान्स्की आणि जाँ काल्मान यांचे, २००६ पासूनचे, मात्सुनोयामाच्या बंद शाळेत. अंधाऱ्या व्यायामशाळेत पंखे, मंद दिवे, वर्गांत झाकून ठेवलेल्या वस्तू. शाळेत मुले नाहीत, ही गोष्ट ती इमारत प्रत्येक पावलाला सांगते. ओइकेची इमारतही शाळाच. पण तिथे मुलांची अनुपस्थिती चित्रांखाली झाकली गेली आहे. मला तो दोष वाटत नाही. सगळ्याच ओस शाळांनी रडत बसावे असे थोडेच आहे? मात्र एकाच डोंगरातल्या या दोन शाळा पाठोपाठ पाहिल्या की प्रश्न पडतो: जी माणसे इथे होती आणि आता नाहीत, त्यांचे काय करायचे, हे प्रदर्शनाने ठरवायचे असते की नाही?

या प्रश्नासाठी आणखी एक वळसा घ्यावा लागेल, कारण मशे यांच्या शेजारी उभा करता येईल असा एक परदेशी कलावंत आहे, आणि तो दिवस मोजतो. रिचर्ड लाँग हे इंग्लंडचे. चालणे हीच त्यांची कला. १९६७ साली गवतात पुन्हा पुन्हा चालून पडलेली एक रेघ, एवढेच त्यांचे पहिले प्रसिद्ध काम. पुढे त्यांनी जगभर चालून दगडांची वर्तुळे मांडली, भिंतींवर हातांनी चिखलाची वर्तुळे काढली. १९८९ च्या पॅरिसच्या ‘माजिसियाँ द ला तेर’ प्रदर्शनात त्यांचे भिंतीवरचे प्रचंड मातीचे वर्तुळ आणि त्याच्यापुढे जमिनीवर ऑस्ट्रेलियातल्या युएंदुमूच्या आदिवासींनी केलेले भूमिचित्र असे मांडले होते. गोऱ्या कलावंताचे काम वर आणि आदिवासींचे पायाशी, अशी त्यावर पुष्कळ टीका झाली. त्याच प्रदर्शनात आपले जिव्या सोमा मशे, बौआदेवी आणि जनगढसिंह श्यामही होते. नंतर २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात लाँग आणि मशे यांचे प्रदर्शन एकत्र झाले. या वेळी वर-खाली नाही, शेजारी-शेजारी. त्याच वर्षी लाँग वारली मुलखातही येऊन गेले.

माती, वर्तुळ, चालणारी माणसे, साधेपणा. दोघांत काय सारखे आहे यावर तेव्हा भरपूर लिहिले गेले. मला त्यांच्यातला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. लाँग यांच्या शब्दचित्रांत आणि शीर्षकांत किती मैल चाललो, किती दिवस चाललो, कुठून कुठे, हे लिहिलेले असते. तेच काम असते. दिवस हा त्यांच्या कलेचा ऐवज म्हणून मान्य झालेला आहे. मशे यांच्या चित्राजवळच्या पाटीवर कुठल्याही संग्रहालयात काय असते? नाव, गाव, जमात, साल, शेण आणि पांढरा रंग, लांबी-रुंदी. वस्तूची मोजमापे सगळी आहेत. त्यात एका माणसाचे किती दिवस गेले, ते त्याने कुठे, कोणाबरोबर, कशाच्या बदल्यात काढले, हे नाही. वास्तविक दोघांमध्ये दिवस अधिक दिसतात ते मशे यांच्या चित्रात. लाँग ते सांगतात म्हणून आपण विश्वास ठेवतो. मशे यांचे तर टाचणीने मोजता येतात.

हा फरक नुसता पाट्यांपुरता असता तर मी दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. पण ओइकेच्या त्या टेकडीवर जुलै २००१ मध्ये जनगढसिंह श्याम यांनी आपले जीवन संपवले. तेव्हा ते तिथे चित्रे काढण्यासाठी मुक्कामाला होते. वय चाळिशीच्या आसपास.

जनगढ कोण होते हे थोडक्यात सांगायला हवे, कारण मराठीत मशे जेवढे माहीत आहेत तेवढे ते नाहीत. मध्य प्रदेशातल्या मंडला भागातले पाटनगढ हे त्यांचे गाव. जमात परधान. परधान म्हणजे गोंडांचे भाट, बाना हे वाद्य वाजवून देवांच्या आणि राजांच्या कथा गाणारे. १९८०-८१ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनासाठी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी पाठवलेल्या तरुणांना गावात एका घराच्या भिंतीवर हनुमानाचे चित्र दिसले, आणि पोरसवदा जनगढ भोपाळला आले. गाण्यात असलेले देव त्यांनी चित्रात आणले. बडादेव, फुलवारी देवी, त्यांना यापूर्वी असे रूपच नव्हते. म्हणजे मशे किंवा गंगादेवी यांनी भिंतीवरचे कागदावर आणले, आणि जनगढ यांनी कानाचे डोळ्याला दिले. चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या भोपाळच्या विधानभवनात त्यांची मोठी भित्तिचित्रे आहेत. आज ‘गोंड चित्रकला’ म्हणून जे ओळखले जाते ते सगळे या एका माणसाच्या हातून निघाले. तिला ‘जनगढ कलम’ म्हणतात ते उगीच नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर भारतात कलावंतांनी आणि लेखकांनी जाहीरपणे प्रश्न विचारले. मुक्काम किती काळाचा ठरला होता, मोबदला काय होता, परत येण्याची वाट त्यांना मोकळी होती का? चौकशीची मागणी झाली. मी इथे कुणावर आरोप ठेवायला बसलेलो नाही. माणूस आपल्या जिवावर का उठतो याचे एकच उत्तर देणारा लेखक मला खोटा वाटतो. पण हे प्रश्न तेव्हा विचारावे लागले, म्हणजेच चित्रांच्या शेजारी त्यांची उत्तरे लिहिलेली नव्हती, एवढे तर उघड आहे.

कलाकेंद्र खेड्यात असणे इथे निर्णायक ठरते. शहरातल्या संग्रहालयात चित्र येते आणि चित्रकार घरी असतो. डोंगरातल्या केंद्रात चित्रकार स्वतः येतो, आणि चित्र पुरे होईपर्यंत तोच तिथला रहिवासी असतो. शांतता, झाडी, एकांत, गिऱ्हाइकांची वर्दळ नाही. माहितीपत्रकांत हे सगळे गुण म्हणून छापतात. ज्याला तिथली भाषा येते, ज्याच्या खिशात परतीचे तिकीट आहे, त्याच्यासाठी ते गुणच आहेत. जपानी न येणाऱ्या, लिहिण्या-वाचण्याची सवय नसलेल्या, सदैव गोतावळ्यात राहिलेल्या माणसाला तीच झाडी आणि तोच एकांत वेगळा भेटतो. पाटनगढचा परधान गाणार कुणापुढे? चौक लिहिणाऱ्या सवाशिणीभोवती घर भरलेले असते, हे वर सांगितले ते एवढ्यासाठी. भिंतीवरच्या चित्राचे दिवस कधीच एकट्याने काढायचे नसत.

कुणी म्हणेल, आपल्या इथे आपण काय दिवे लावले? खरे आहे. गंगादेवींनी कर्करोगाशी झुंजत असताना दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात एक सबंध कोहबर-घर रंगवले होते. त्यांच्या आयुष्यातल्या थोरल्या कामांपैकी ते एक. १९९१ साली त्या गेल्या. २०१५ मध्ये संग्रहालयाच्या नूतनीकरणात ते कोहबर-घर नाहीसे झाले. पद्मश्री मिळालेल्या बाईने मरणाच्या सावलीत रंगवलेली भिंत, राष्ट्रीय संग्रहालयात, राजधानीत, आपण पुसली. तोकामाचीतली त्यांची चित्रे मात्र नीट आहेत. ज्या टापूत २३ ऑक्टोबर २००४ च्या भूकंपाने घरे पाडली तिथे ती टिकली, आणि जिथे जमीन हलली नाही तिथे भिंत गेली. हासेगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रे ज्या मायेने जपली तिच्याबद्दल आपण आदरानेच बोलले पाहिजे.

पण चित्र जपणे आणि चित्रकार जपणे ही दोन कामे आहेत. एकाच्या पुण्याईने दुसऱ्याचा हिशेब चुकता होत नाही. दिल्लीने चित्र गमावले हा आपला अपराध, आणि त्याने ओइकेच्या २००१ चे प्रश्न मिटत नाहीत. आपल्याकडे हे दोन्ही मुद्दे एकमेकांना गप्प बसवण्यासाठी वापरले जातात, तो प्रकार थांबायला हवा.

माझी मागणी छोटी आहे आणि ती फक्त जपानकडे नाही. पालघर जिल्ह्यात, खुद्द मशे यांच्या गंजाडमध्ये, शाळेच्या भिंतींवर जपानी आणि भारतीय चित्रकारांनी मिळून चित्रे काढली आहेत. इतरत्रही शेतघरांत आणि जुन्या वाड्यांत ‘रेसिडेन्सी’ निघाल्या आहेत. जिथे चित्र जागेवरच घडते तिथे समीक्षकाने रंग-रेषेइतकेच मुक्कामाकडेही पाहावे. चित्राच्या पाटीवर साल असते, तिथे कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत हे लिहावे. सोबत कोण होते ते लिहावे. करार कुठल्या भाषेत होता आणि तो चित्रकाराला वाचून कोणी दाखवला, तेही लिहायला हरकत नसावी. लाँग यांच्या पाटीवर मैल शोभतात, तर मशे यांच्या पाटीवर दिवस शोभतील. त्याने चित्र कमी सुंदर दिसेल असे ज्यांना वाटते त्यांनी जाळ्याच्या चित्रापुढे टाचणी घेऊन एकदा उभे राहावे.

जनगढ यांच्या पत्नी ननकुसिया आणि मुलगा मयंक दोघेही चित्रकार आहेत. मुलगी १९८८ साली जन्मली, वडिलांच्या पहिल्या जपानवारीच्या काळात, म्हणून तिचे नाव जपानी ठेवले. तेव्हा त्या नावात कौतुक होते. जपानी श्याम आज भोपाळमध्ये चित्रे काढतात. त्यांच्या पुष्कळ चित्रांत रंग नसतात, नुसते काळे आणि पांढरे. झाडे असतात, पक्षी असतात, हरणे असतात, आणि हरणांच्या अंगावर बारीक खुणा, एकामागून एक, जागच्या जागी.